परगावची भाजी

"आजी, भाव कसला करताय? तुम्हाला दोन कोटींची लॉटरी लागली! पेढे द्या आणि भाजी तशीच न्या," भाजीवाल्याने हात जोडले.

द्वारकाबाईंचा चेहरा पडला. अख्ख्या साताऱ्यात आता त्यांच्याशी घासाघीस करायला कुणी तयार नव्हतं.

"काशीला जाऊ? सिंगापूरला? पाटल्या करू?" नवऱ्याने काकुळतीने विचारलं.

"गाडी घ्या. ड्रायव्हरसकट."

गाडी थेट कऱ्हाडच्या बाजाराशी थांबली. बाई विटकी साडी नेसून उतरल्या. "तुम्ही काच खाली करू नका हं. श्रीमंत दिसता!"

परतल्या त्या धापा टाकत, अंबाडा सुटलेला, आवाज बसलेला, मुठीत कढीपत्त्याची काडी.

"पाऊण तास भांडले, तेव्हा कुठे वर घातली मेल्याने! चला, पळा, त्याने गाडी बघायच्या आत!"