बापाचा श्वास

"शर्ट काढा," सिस्टर म्हणाल्या.

"मी?"

"मग कोण? बाळाचे बाबा तुम्हीच ना?"

काचवाल्यानं मुकाट्यानं शर्ट काढला. एरवी दुकानात याचं तोंड म्हणजे भोंगा. खिडकीची काच घ्यायला आलेलं गिऱ्हाईक याच्या गप्पांच्या नादात आरसा घेऊन जायचं. मापं बायको घ्यायची, कापणं आणि बडबड याच्याकडे. पण आज सकाळपासून स्वारीची बोलती बंद होती. पोरगी दोन महिने आधीच येऊन थडकली होती. तळहाताएवढी. आणि सकाळपासून दोनदा ती श्वास घ्यायलाच विसरली होती.

"इतक्या घाईनं आलेली बाळं विसरतात हो," सिस्टर म्हणाल्या. "त्यांना आठवण करून द्यावी लागते. आईच्या छातीवर ठेवलं की जमतं त्यांना. पण आईला ताप आहे, तिला आत घेता येत नाही. तेव्हा आता तुम्ही."

त्यानं दोन्ही हात पुढे करून दाखवले. बोटाबोटावर कापल्याचे जुने व्रण होते. "या हातांनी? चुकूनमाकून काही झालं तर..."

"हात कुणी मागितले? छाती द्या. बसा तिथे."

तो खुर्चीत रेलून बसला. सिस्टरनी काचेच्या उबदार पेटीतून पोरगी अलगद उचलली, नळ्या-वायरी सांभाळत त्याच्या उघड्या छातीवर पालथी ठेवली आणि वरून दुलई घातली. वजन असं काही जाणवलंच नाही, नुसती ओलसर ऊब. त्यानं मान वाकवून पाहिलं. दुमडलेला कान. पापण्यांवर निळसर रेघा. आणि नखं! अरे बापरे, नखंसुद्धा होती, दाही बोटांना, जिथल्या तिथे. एवढं बारीक काम त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. तो बघतच राहिला.

शेजारचं यंत्र टिटिट करत ओरडायला लागलं.

"सिस्टर! ही... ही हलत नाहीये!"

सिस्टर धावल्या. त्यांनी आधी पोरीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "अहो, पण तुम्ही का श्वास रोखून बसलाय?"

त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. काचेवर कापायचा हिरा टेकवला की श्वास धरायचा आणि रेघ पुरी झाल्यावरच सोडायचा, हे उस्तादानं कान पिळून पिळून शिकवलेलं. इतक्या वर्षांत ते अंगातच मुरलं होतं. नाजूक काही हाताशी आलं की त्याची छाती आपोआप दगड व्हायची.

"घ्या श्वास! चांगला मोठा! ती तुमच्यावरून शिकतेय आणि तुम्ही असे थिजलात तर तिनं करावं काय?"

त्यानं भीत भीत श्वास घेतला. छाती वर आली, तिच्याबरोबर पोरगी वर आली. खाली गेली. यंत्र ओरडतच होतं. सिस्टर पोरीच्या तळपायाला बोटानं चोळत होत्या.

"पुन्हा."

"घे गं माझे बाई," तो पुटपुटला. "हे बघ, असा. बाबा घेतो तसा. घे ना गं राणी..."

छाती वर आली. खाली गेली. पुन्हा वर आली, आणि त्याच्या कातडीला टेकलेल्या त्या इवल्याशा फासळ्या एकदम फुलल्या. मग मिटल्या. मग पुन्हा फुलल्या. यंत्र गप्प झालं.

"जीव काढाल हो बापलेक माझा," म्हणत सिस्टर स्टुलावर टेकल्या.

त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. पुसायचं भान कुणाला होतं? आयुष्यात पहिल्यांदा तो इतका वेळ नुसता श्वास घेत बसला होता, आणि याहून मोठं काम आपण कधी केलं नाही, असं त्याला मनापासून वाटत होतं.

मान वळवली तर समोरच्या भिंतीतल्या काचेपलीकडे बायको दिसली. चाकाच्या खुर्चीत, अंगावर शाल. कधी आली होती कोण जाणे. चेहरा पांढराफटक पडला होता, म्हणजे सगळं पाहिलं असणार. तिनं नुसत्या ओठांनी विचारलं, 'कशी आहे?'

हात हलवायची हिंमत नाही, मोठ्यानं बोलायची सोय नाही. मग त्यानं तिला दिसेल असा सावकाश, भरून श्वास घेतला. पोरगी वर आली. खाली गेली. वर आली.

बायको पुढे वाकली. तिचं नाक काचेला टेकलं. तिच्याही नकळत ती त्यांच्याबरोबर श्वास घ्यायला लागली. काचेवर पांढरा गोल धरायचा, विरायचा, पुन्हा धरायचा.

"वाफ धरतेय हो काचेवर. तिला नीट दिसायचं नाही," सिस्टर उठत म्हणाल्या. "मावशींना सांगते पुसायला."

"राहू द्या, सिस्टर," तो हलकेच म्हणाला. "तिकडून हिची आई शिकवतेय."