'व्हेरी'चं उदाहरण

पहिला अंगठा लगेच आला. मुलीचा, थेट कॅनडाहून. मग पुतण्याचा. मग हडपसरला राहणाऱ्या मुलाचा, संजयचा. सुखदेव सरांनी चष्मा पुसून पुन्हा मोबाइल पाहिला. अंगठेच होते.

दर रविवारी सकाळी सर घरच्या ग्रुपवर एक इंग्रजी शब्द टाकत. अर्थ, उगम, उदाहरण. जन्मभर खडकीत इंग्रजी शिकवलं. निवृत्ती शाळेतून झाली, सवयीतून नाही. त्यांचे वडील कारखान्यात सहीच्या जागी अंगठा उठवत. आपल्या घरातला तो शेवटचा अंगठा, असं सर अभिमानाने सांगायचे. आता सगळं घर शिकलं आणि पुन्हा अंगठ्यावर आलं.

बायको, शालन, गेल्यापासून सरांची उदाहरणं बदलली होती. 'ऑलमोस्ट'ला त्यांनी लिहिलं, पाणी आण म्हणून मी शालनला जवळजवळ हाक मारलीच. अंगठे आले. 'हार्डली'ला लिहिलं, पडल्यापासून डावा हात जेमतेम उचलता येतो. अंगठे आले, पुतण्याने वर टाळ्याही दिल्या.

आज 'व्हेरी' होता. अर्थ: फार. उगम: 'खरा' या अर्थाचा जुना फ्रेंच शब्द. उदाहरण: आय ॲम व्हेरी लोन्ली.

तासाभराने सरांनी उजव्या हाताने कुकर चढवला. एकट्यापुरता भात. फार वाईट वाटत होतं. भिंतीला शिकवलं असतं तर तिने निदान अंगठा तरी दाखवला नसता.

शिट्टी व्हायच्या आत बेल वाजली. दारात संजय उभा होता. हेल्मेटसुद्धा काढलं नव्हतं.

"माझ्या निबंधातला एकूणएक 'व्हेरी' तुम्ही खोडायचात," तो म्हणाला. "खरं असेल त्याला 'व्हेरी' लागत नाही, म्हणायचात."

"मग? आजचा शब्दच तो होता. उदाहरण नको द्यायला?"

"तुमच्या तोंडून तो शब्द मी आयुष्यात कधी ऐकला नाही, बाबा."

सर दारातून बाजूला झाले. पण मास्तर तो मास्तरच.

"अंगठा मात्र तत्परतेने दिलास."

संजयने हेल्मेट काढलं. डोळे लाल झाले होते.

"अंगठा आधी दिला. वाचलं नंतर. मग मागची सगळी उदाहरणं वाचत बसलो." तो जवळ आला. "डावा हात दाखवा बघू."