कुतुबुद्दीनचाचांची पारख

सांगलीच्या नाणेप्रदर्शनात कुतुबुद्दीनचाचांचं गांधी शताब्दीचं चांदीचं नाणं मानाच्या जागी मांडलं होतं. शेजारच्या चिठ्ठीवर ‘सर्वोत्तम’ हा दर्जा चाचांनीच लिहिलेला. साताऱ्यापासूनचे संग्राहक नाणी पारखून घ्यायला त्यांच्याकडेच येत. चाचांच्या हाताखाली शिकलेल्या साक्षीनं नाणं दिव्याखाली तिरकं धरलं आणि ती थबकली. केसाएवढे बारीक चरे दिसत होते. कुणीतरी कधीकाळी ते घासून चमकवलं होतं. अशा नाण्याचा दर्जा उतरतोच. गप्प बसावं, असं तिला वाटलं. पण चाचांनी तसं शिकवलं नव्हतं. “चाचा, हे घासलेलं हाय,” ती पुटपुटली. चाचांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. “व्हय पोरी. वीस वर्षं मला दिसलंच न्हाई.” सगळ्यांदेखत त्यांनी ‘सर्वोत्तम’ खोडून ‘साधारण’ लिहिलं. मग जमलेल्यांना म्हणाले, “मंडळी, मी पारखलेली समदी नाणी उद्या परत आणा. ही पोरगी पुन्हा बघंल.”