चवळीखाऊ

"गिरणीत कोणी केइता आहे का रे?" न्येले पडक्या भिंतीआडून ओरडली.

समोर विहीर होती. विहिरीपलीकडे भाताची गिरणी, आणि गिरणीच्या वरच्या खिडकीत सम्राटाचा बंदूकवाला. विहिरीकडे जो येईल त्याला टिपायचं, असा त्याला हुकूम होता. सकाळी शेजारची दोघं गेली ती परतलीच नाहीत. त्यांच्या घागरी अजून तिथंच लवंडलेल्या होत्या.

सातशे वर्षं मालीच्या गादीवर बसलेल्या घराण्याला सेगू शहर आपलं वाटत होतं. सेगूला तसं वाटत नव्हतं. म्हणून पावसाळा संपल्यापासून शहराला रणगाड्यांचा वेढा पडला होता. गच्चीवरून नदी दिसायची, पण तिच्यापर्यंत जाता येत नव्हतं. न्येलेचा नवरा झान घरात तापानं फणफणला होता. मांडीत गोळीची जखम, ओठ फुटलेले. पाणी मिळालं नाही तर तो संध्याकाळ काढणार नाही, हे सांगायला वैद्य नको होता.

तिनं पुन्हा हाक घातली.

"मी कुलिबाली आहे! केइता असशील तर बोल!"

ती कुलिबाली नव्हती. कुलिबाली तिचा नवरा. आमच्याकडे बाई लग्नानंतरही माहेरचंच आडनाव लावते, आणि न्येले माहेरची देम्बेले. पण केइता आणि कुलिबाली या दोन घराण्यांची थट्टेची भावकी. समोर दिसले की एकमेकांना शिव्या घालायच्या, आणि काही झालं तरी एकमेकांचं रक्त सांडायचं नाही. पणजोबांच्याही आधीपासून हे चालत आलंय. सम्राट स्वतः केइता, तेव्हा त्याच्या फौजेत केइता पैशाला पासरी असणार, असा तिचा हिशेब. जुगारच म्हणा ना.

खिडकीतून एक तरुण आवाज आला, "मी आहे केइता! काय गं चवळीखाऊ म्हातारे, अख्खं शहर उपाशी मरतंय आणि तू घरात बसून चवळी हादडतेस होय?"

न्येलेच्या जिवात जीव आला. घागर घेऊन ती उघड्यावर आली.

"खाते की बाबा," ती म्हणाली. "मिळाली तर आणखी खाईन."

बोलली आणि तिनं जीभ चावली. जीव गेला तरी कुलिबाली चवळी खाल्ल्याचं कबूल करत नाही. 'तूच चवळीखाऊ, तुझा बाप चवळीखाऊ' असं उलट सुनवायचं असतं, हे त्यांच्या शेंबड्या पोरालाही कळतं. न्येलेनं सारा संसार नवऱ्याला याच शब्दानं चिडवण्यात घालवला होता. स्वतः टोमणा झेलायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. आता भर उन्हात ती जागच्या जागी थिजली. तिनं डोळे मिटले. झानला आता पाणी कोण देणार, एवढंच तिच्या मनात आलं.

गोळी आली नाही.

"भर की पाणी!" वरून आवाज आला. "का तेही मीच शेंदून देऊ? तुम्ही कुलिबाली आमच्या घरचे गडी, भलतेच माजलात!"

झान घटाघटा पाणी प्यायला. सगळं ऐकून एवढ्या तापातही त्याला हसू फुटलं. "कबूल केलंस? अगं, आमच्या चार पिढ्यांचं नाक कापलंस!" न्येले हसायला गेली आणि रडू लागली.

तिकडे गिरणीत बंदूकवाल्याचा जोडीदार त्याच्याकडे टक लावून बघत होता.

"सेदू, लेका, तू तर सांगारे आडनावाचा. केइता कधी झालास?"

सेदूनं बंदूक भिंतीला टेकवली.

"ती कुलिबाली झाली ना, तेव्हाच."