बहात्तर अंश

अमेरिकेत ट्रॉयमध्ये नवं घर घेतल्यापासून यशोधन महिनाभर जादा हीटर निवडत होता. एक्सेलमध्ये तीन उरले होते: तेलाचा, पंख्याचा आणि भिंतीवर लावायचा. सांगलीहून आलेली आई दोन स्वेटरांवर शाल पांघरून त्यांचे रिव्ह्यू ऐकायची आणि म्हणायची, "तू बघ निवांत. मी देवापाशी अखंड दिवा लावलाय."

घर गारठलेलं, पण हॉलच्या भिंतीवरचा थर्मोस्टॅट सदा बहात्तर अंश फॅरनहाइट दाखवायचा, म्हणजे छान उबदार. शेवटी यशोधनने हीटिंगवाल्याला बोलावलं. तो घर तापवणारा फर्नेस बघायला बेसमेंटमध्ये गेलाच नाही. हॉलमध्ये थांबून त्याने थर्मोस्टॅटकडे पाहिलं, मग त्याच्या बरोब्बर खालच्या देव्हाऱ्याकडे.

"फर्नेस उत्तम आहे," तो म्हणाला. "या दिव्याच्या धगीमुळे थर्मोस्टॅटला वाटतं घर तापलंय, म्हणून तो फर्नेस सुरूच करत नाही. दिवा विझवा, दोन तासांत घर गरम होईल."

तो गेल्यावर यशोधन आईकडे वळला. त्याने तिला सगळं मराठीत समजावलं.

"कळलं मला," आई म्हणाली. "पण विझवता नाही यायचा."

"मग नुसता दुसऱ्या खोलीत नेऊ."

"अखंड दिवा जागचा हलवत नाहीत. नवस बोललेय मी."

"कसला नवस?"

"घर उबदार होईपर्यंत दिवा विझू देणार नाही म्हणून."

यशोधनने लॅपटॉप उघडला आणि तिन्ही हीटर मागवले.