बाहेरून कुलूप

अनुयाने एकतिसाव्या दारावर लाल मेणखडूने 'रिकामी' लिहिलं आणि यादीत खूण केली. चऱ्होलीच्या नदीकाठची पत्र्याच्या खोल्यांची गल्ली संपली. एकोणीस खोल्यांतली माणसं वरच्या शाळेत पोचली होती. बारा खोल्यांना बाहेरून कुलपं होती.

"झालं?" अग्निशमनच्या सिद्धेशने विचारलं. त्याच्या कमरेला दोर होता. दोराचं दुसरं टोक वर रस्त्यावरच्या खांबाला. बाकीचे जवान पलीकडच्या गल्लीत होते.

"झालं. कुलूप म्हणजे कामावर गेलेत."

जाईबाईंनीच तसं सांगितलं होतं. जागा त्यांची. त्या रस्त्यावर छत्री धरून उभ्या होत्या आणि तिथूनच ओरडत होत्या. "ए पोरी, ये की आता वर! मागल्या मोठ्या पुरात हितं आमचा ऊस व्हता. शेंडंबी दिसत न्हवतं!"

अनुयाच्या डोक्यात आकडे आपोआप जुळले. पूर नियंत्रण कक्षात लागून तिला दोनच महिने झाले होते, पण ही सवय कॉलेजपासूनची. वाढलेला ऊस दहा फूट. हे पत्रे आठ फुटांवर. आत्ता गल्लीत गुडघाभर पाणी. वरच्या धरणातून सकाळी सोडलेलं पाणी इथे पोचायला अजून पंचवीस मिनिटं.

तेवढ्यात एक बाई उतारावरून धावत आली ती थेट पाण्यात शिरली. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, मुठीत किल्ली.

"ओ ताई, कुठं निघालात?" सिद्धेशने तिचा दंड धरला. "रिकामी आहे गल्ली."

"रिकामी कशी? आमचे हे झोपलेत आत! रात्रपाळी करून आलेत."

"अहो, पण कुलूप आहे."

"मग? मीच लावलंय ते!"

ती जयमाला, सातव्या खोलीतली. तळवड्याला पॅकिंगला जायची. पुलावर पाणी येईल म्हणून कंपनीने बायकांना लवकर सोडलं होतं. तिने कुलूप काढलं. आत लोखंडी खाटेवर तिचा नवरा धम्मरत्न तोंडावर चादर ओढून झोपला होता. पाणी नुकतंच उंबरा ओलांडून आत आलं होतं आणि खाटेखाली त्याच्या चपला हलत होत्या. वर पत्र्यावर पाऊस तडतडत होता. जयमालाने त्याला गदागदा हलवलं, तेव्हा त्याने उठून कानांतून स्पंजचे दोन नारिंगी बोळे काढले. प्रेस शॉपमधल्या यंत्रांच्या आवाजासाठी कंपनी देते ते.

"पण बाहेरून कुलूप का?" अनुयाने विचारलं.

"मग काय करणार मॅडम?" जयमाला म्हणाली. "नुसती कडी असली की कुणीबी वाजवतंय. कुरिअरवाला, गॅसवाला, शेजारची पोरं. माणूस झोपणार कधी? रात्रपाळीवाल्याला कुलूप घालूनच जायचं. सगळेच घालतात हितं."

अनुयाने गल्लीकडे पाहिलं. तिच्याच अक्षरात आणखी अकरा कुलूपबंद दारांवर तो लाल शब्द होता.

"बाकीच्या किल्ल्या कुणाकडे?"

"ज्याची दिवसपाळी त्याच्याकडं," धम्मरत्न म्हणाला. "चाकणला असतील सगळे. फोन लावून उपयोग नाही, गेटवर जमा करून घेतात."

"आज रात्रपाळी कुणाकुणाची होती?"

"ते कसं सांगू? आठवड्याला बदलते शिफ्ट."

सिद्धेशने कटावणी काढली होती. एका कुलपाला तीन मिनिटं लागणार होती. अकरा कुलपं म्हणजे तेहतीस. हातात होती वीस.

"खालच्या टोकाकडून," अनुया म्हणाली.

कुलूप तोडलेली पहिली खोली रिकामी. दुसरी रिकामी, घडी घातलेल्या गाद्या आणि दोरीवर वाळत घातलेला गणवेश. तिसरीत दोघं झोपलेले, दोघांच्याही कानांत बोळे. त्यांना दोर धरून वर पाठवलं. चौथी रिकामी. रिकामी खोली दिसली की अनुयाला आता बरं वाटत नव्हतं. तीन मिनिटं गेली, एवढंच वाटायचं. पाचवीत एकजण होता. तो उठेपर्यंत पाणी त्याच्या खाटेच्या पट्ट्यांना लागलं. सहावी रिकामी.

बाहेर आले तेव्हा पाणी मांड्यांपर्यंत चढलं होतं आणि त्याला ओढ होती. एक सिलिंडर गोल फिरत गेला. रस्त्यावरून शिट्टी वाजली. लांब, दोनदा.

"परत बोलावतायत, मॅडम."

"पाच राहिलेत."

"मोजता येतंय मलापण!"

अनुया पाचही दारांवर दोन्ही हातांनी बडवत गेली. "उठा! पाणी आलंय! उठा!" प्रत्येक पत्र्याला कान लावला. कुठूनच काही आलं नाही. याचा अर्थ आत कुणी नाही असा होत नव्हता, आणि आहे असाही नाही.

शिट्टी पुन्हा वाजली. या वेळी ती थांबेना.

"एक," सिद्धेश म्हणाला. "एकच उघडतो. कुठलं ते तुम्ही सांगा."

"मी कशी सांगू?"

"मग मी कसं सांगू? बोला पटकन."

तिने सगळ्यात जवळच्या, सव्विसाव्या दाराकडे बोट दाखवलं. सिद्धेशने कटावणी कोयंड्यात घालून सगळं अंग टाकलं. पत्रा वाकला.

आणि तिच्या मागे, सत्ताविसाव्या खोलीत, फोन वाजायला लागला.

तो पूर्ण वाजला. थांबला. परत वाजायला लागला, आणि मधेच कुणीतरी कट केला. मग कूस बदलल्यावर खाट करकरते, तशी आतली खाट करकरली.