सोपं होतं ते अवघड

"काका, एवढं सगळं सांगून टाकू नका," आम्रपाली शेवटी म्हणालीच.

ज्योतीराम हसले. "का गं पोरी? आज आनखी दोन मशिनींचं सांगून मोकळा व्हतो."

चाकणच्या त्या कारखान्यात प्रेस अडला की सगळे ज्योतीरामांनाच बोलवत. घरी असले तरी फोन जायचा. त्यांच्या डोक्यातलं ज्ञान कुणालाही मोबाइलवर सापडावं, असं अ‍ॅप बनवायचं होतं. ते दिसावं कसं, कुठलं बटण कुठे, हे ठरवणं आम्रपालीचं काम. तिनं केलंही झकास. मशीनचा फोटो दाबायचा, बिघाड निवडायचा, की ज्योतीरामांच्या आवाजात उपाय.

"कधी चालू व्हनार?" ते रोज विचारायचे.

ती विषय बदलायची. तिचे वडील, भिवा, पिंपरीत कामाला होते. नवीन मशीन आलं आणि ते घरी बसले. संत तुकाराम नगरच्या खोलीत भिंतीकडे बघत बसलेले वडील तिला अजून दिसत. अ‍ॅप चाललं की आपली गरज संपणार, हे ज्योतीरामांनाही कळत असणार. म्हणून विचारतात बिचारे.

मग तिनं ठरवलं. फोटो काढून टाकले. मशीनच्या नावांऐवजी इंग्रजी कोड घातले. साधासा उपायही पानांमागे पानं उघडल्याशिवाय सापडेना. हे सगळं तिनं जाणूनबुजून केलं.

कामगारांनी थोडे दिवस खटपट केली आणि पुन्हा ज्योतीरामांना फोन लावायला लागले.

"लोकांना हे वापरताच येत नाही," मॅनेजर म्हणाले. "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

तिचं कंत्राट पुढे वाढलं नाही. मुलाखतींत त्या कामाचा विषय निघाला, की तिला बोलता यायचं नाही. शेवटी पिंपळे सौदागरच्या एका दुकानात ती लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करायला लागली. चांगलं जमलेलं काम आपणच मोडलं, याची खंत जात नव्हती. पण एका माणसाची नोकरी टिकली, एवढ्यावर ती समाधान मानायची.

एका दुपारी चिंचवडच्या भाजीबाजारात ज्योतीराम दिसले. दाढी वाढलेली. अंगही उतरलेलं.

"काका, आज सुट्टी?"

"सोडली नोकरी."

"सोडली? का?"

ते पिशवीतली मेथी सारखी करत राहिले.

"बायको गेली माझी, शालन. लई दिस अंथरुणाला खिळून व्हती. दवाखाना कंपनीच्या विम्यावर, म्हणून तवा नोकरी सोडताबी येईना." त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझा काय दोष न्हाई पोरी, तू लई खपलीस. साहेबांनी मला शब्द दिला व्हता, लोकांना अ‍ॅप जमायला लागलं, की भरपगारी सुट्टी घ्या आन् तिच्यापाशी बसा."